मियाटा एनबीवर मागची विंग: डिकीच्या पत्र्यावर बसवू की थेट चॅसीवर?

डिकीवाला_एनबी

नमस्कार मंडळी,

गाडी २००१ची माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, दुसरी पिढी (एनबी). १.८ इंजिन, हार्डटॉप (कडक छत) कायमचं बसवलेलं, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) आहेत, टायर २०० ट्रेडवेअरचे (लवकर झिजणारे पण जास्त पकडीचे). रस्त्यावर चालवत नाही, फक्त ट्रॅकवर, आणि तेही बहुतेक वेळा कॅलिफोर्नियातल्या थंडरहिलला. तिथल्या आठव्या वळणावर, म्हणजे त्या वेगात घ्यायच्या डावीकडच्या वळणावर, गाडीचा मागचा भाग हलका होतो. हळू वळणांवर काहीच तक्रार नाही.

सेकंडहँड अॅल्युमिनियमची विंग (हवेच्या जोरावर गाडीचा मागचा भाग खाली दाबणारा पंख) घेतली आहे. लांबी १४५० मिमी, कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) २५० मिमी, खांब धरून वजन सुमारे ६ किलो. खांब २८० मिमी उंच आणि डिकीवर बसणारे. प्रत्येक पायाला चार भोकं, पुढच्या-मागच्या भोकांत १५० मिमी अंतर. विंग पायाच्या मध्यापासून साधारण २०० मिमी मागे येते.

अडचण अशी की डिकीचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो. त्यावर विंग बसवणं म्हणजे पापडावर पाट ठेवण्यासारखं वाटतंय. सरळ चॅसीपर्यंत खांब न्यावेत का? डिकीवरच बसवायची तर आतून काय लावायचं, बोल्ट कोणते, आणि सुरुवात किती अंशांवर करायची?

पत्रेकाम

आधी एक शाबासकी: हळू वळणांवर गाडी नीट आणि फक्त वेगात मागून हलकी, हे तुम्ही तपासलंय. हळू वळणांवरही मागून सुटत असती तर दोष टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन), अँटी-रोल बार (गाडी कलणं रोखणारी सळई) नाहीतर टायरचा असता आणि विंगने तो नुसता झाकला असता.

आता बळ किती ते बघू, म्हणजे पत्र्याची भीती आकड्यात येईल. विंगचं क्षेत्रफळ १.४५ × ०.२५, म्हणजे सुमारे ०.३६ चौ. मीटर. लिफ्टचा गुणांक (विंग त्या वेगाच्या हवेतून किती बळ काढते त्याचा आकडा) १ धरा; गाडीच्या मागच्या गढूळ हवेत साधी विंग बेताच्या कोनावर एवढं देते असं धरून चालायला हरकत नाही. ताशी १०० किमीला खाली दाबणारं बळ येतं साधारण १७ किलो, १६० ला ४३ किलो, १९० ला ६० किलो. वेग दुप्पट झाला की बळ चौपट, म्हणून पार्किंगमध्ये विंग हाताने हलवून काही कळत नाही.

नुसतं खाली दाबणारं ४३ किलो डिकी सहज सोसते. भानगड वेगळीच आहे. तुमची विंग पायाच्या २०० मिमी मागे आहे, त्यामुळे ती पायाला मागे कलंडवते. १६० ला एका पायाच्या वाट्याला २१ किलो बळ येतं, त्यात मागे ओढणारी हवा २८० मिमी उंचीवर. १५० मिमीच्या पायावर याचा हिशेब केला तर मागचे दोन बोल्ट सुमारे ४५ किलोने दाबले जातात आणि पुढचे दोन सुमारे २३ किलोने वर उपसले जातात. १९० ला हेच आकडे ६३ आणि ३२. खाचखळग्यातले धक्के यात धरलेलेच नाहीत. बहुतेक जण समजतात की विंग दाबतेय म्हणजे सगळे बोल्ट दाबातच असणार. पत्रा फाटतो तो नेमका पुढच्या भोकांपाशी, तोही एका दिवसात नाही. आधी रंगाला गोल केसासारखी चीर पडते, मग भोक लांबट होतं.

म्हणून आतली पट्टी पुढच्या बोल्टखाली हवीच हवी. माझी शिफारस: ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी, ६०६१-टी६ या कडक मिश्रधातूची मिळाली तर उत्तम, पायाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी किमान २५ मिमी मोठी, कोपरे गोल केलेले. मोठे वॉशर लावून भागवू नका. वॉशरची कड पत्र्यात रुतते आणि चीर तिथूनच सुरू होते.

एनबीची डिकी दुहेरी आहे: वरचा पातळ पत्रा आणि आत दाबून काढलेली चौकट. पाय पडला पाहिजे चौकटीच्या बरगडीवर, दोन बरगड्यांमधल्या पोकळ पत्र्यावर नाही. आतली भोकं दिसतात त्यावरून बरगडी कुठे आहे ते काढा आणि मास्किंग टेपवर आखून घ्या. बोल्ट दोन्ही थरांतून जात असेल तर मधल्या पोकळीत नेमक्या उंचीची नळी घाला. नळी नसेल तर नट आवळताना वरचा पत्रा खाली येत राहतो. तुम्हाला वाटतं बोल्ट आवळला जातोय, प्रत्यक्षात पोचा तयार होत असतो.

बोल्ट एम६, ८.८ दर्जाचे, नायलॉक नटसह (नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे), १० न्यूटन-मीटर. मोठा बोल्ट घेतला म्हणून बळकटी येत नाही, इथे कमजोर दुवा पत्रा आहे.

ओळंबा

भोकं पाडण्याआधीचा अर्धा दिवस कुणी सांगत नाही, तो मी सांगतो.

सगळ्यात आधी बॅटरीचं ऋण टोक काढा. या गाडीची बॅटरी डिकीतच असते, आणि ड्रिलमधून पडणारा लोखंडाचा कीस सरळ तिच्या डोक्यावर जातो. जमलं तर बॅटरी बाहेरच काढा. तिसऱ्या ब्रेक दिव्याची वायर डिकीच्या झाकणातूनच जाते, ती कुठून जाते ते आतून पाहून ठेवा.

गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांखालची जमीन पाणसळीने किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा. फरक असेल तर चाकाखाली फरशीचे तुकडे. ड्रायव्हरच्या वजनाइतकी पोती सीटवर, पेट्रोल अर्धी टाकी. गाडीची मध्यरेषा डिकीच्या कडांवरून काढू नका, झाकण दोन-तीन मिमी इकडेतिकडे बसलेलं असतं. मागच्या सस्पेन्शनच्या दोन सारख्या बिंदूंवरून ओळंबे सोडून जमिनीवर रेघ मारा आणि ती वर घ्या.

खांबांमधलं अंतर: दोन आधारांवरची पट्टी सगळ्यात कमी वाकते ती आधार टोकांपासून लांबीच्या साधारण एकपंचमांशावर असले तर. तुमच्या विंगला हे येतं टोकांपासून ३०० मिमी, म्हणजे खांबांमध्ये ८५०. पण बरगडी ७५० वर असेल तर ७५० च घ्या. विंग थोडी वाकली तर चालेल, पाय पोकळ पत्र्यावर नको.

डिकी दोन्ही दिशांनी गोलसर आहे, त्यामुळे सपाट पाय तिच्यावर डुगडुगणार. बोल्ट आवळून तो बसवायचा मोह होतो, आणि मग दोन खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात. ते विंगला आवळताना परत सरळ केले की सगळा ताण पत्र्यात कायमचा अडकतो. याऐवजी पायाखाली गादी घाला: डिकीवर गुळगुळीत टेप, त्यावर मेणाचा हात, पायाच्या खालच्या बाजूला धातूचूर्ण मिसळलेला इपॉक्सी. विंग वर जोडलेली, खांब गुण्याने ताठ केलेले, असं सगळं हलकेच टेकवून रात्रभर राहू द्या. सकाळी पायाखाली डिकीच्या आकाराची पाचर तयार मिळते. पायाखाली जाड रबर कृपा करून घालू नका. रबर दबत राहतं आणि बोल्टचा ताण पहिल्याच दिवशी निघून जातो. रंग जपायचा असेल तर पारदर्शक संरक्षक फिल्म पुरे.

मग सेंटर पंच, ३ मिमीचं भोक, तपासणी, आणि नंतर ६.५ मिमी. कडा कानशीने साफ, उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंगाचा ठिपका, वाळल्यावर थोडं सिलिकॉन. कीस चुंबकाने उचला, फुंकर मारू नका; कोपऱ्यात राहिलेला एक कण दोन पावसांत तांबडा डाग पाडतो.

वारा_मोजणारा

विंग बसेल, पण गाडीचं काय होईल ते कुणी बोललं नाही.

एनबीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) २२६५ मिमी. तुमच्या विंगचा दाबबिंदू मागच्या आसाच्या मागे साधारण ६०० मिमी येईल असं धरा. १६० ला ४३ किलो मागे दाबले की तरफेच्या न्यायाने पुढचा आस ११ किलोने उचलला जातो. विंगचा रोध (मागे ओढणारी हवा) ५-६ किलो, तो जमिनीपासून जवळजवळ ११०० मिमी उंचीवर, त्याचे आणखी अडीच-तीन किलो. म्हणजे मागे सुमारे ५७ किलो वाढले आणि पुढचे १४ गेले. आठव्या वळणावर मागून सुटणारी गाडी आता पुढून सरळ जायला लागणार. याला बरेच जण 'विंग चालत नाही' म्हणतात. विंग चालतेय, पुढे काही नाही एवढंच.

पुढे किमान एअर डॅम (बंपरखालची हवा अडवणारी उभी पट्टी), आणि शक्य असेल तर १२ मिमी प्लायवुडचा स्प्लिटर (बंपरखालून पुढे येणारी आडवी फळी), बंपरच्या पुढे ७५ मिमीच्या आसपास. तोही नुसता बंपरच्या प्लास्टिकला लटकवू नका, त्यालाही खाली खेचणारं बळ येतं. पुढचं काम होईपर्यंत विंग कमी कोनावर ठेवा.

कोनाबद्दल. हार्डटॉपवरून येणारी हवा मागच्या काचेवरून खाली उतरत विंगच्या मधल्या भागावर येते, टोकांना ती जवळपास आडवी असते. सरळ विंग जमिनीशी ५ अंशांवर लावली, तर मध्यभागी हवेला ती दहा-बारा अंशांसारखी वाटू शकते. म्हणून स्टॉल (कोन जास्त झाल्याने हवा विंगपासून सुटणं) आधी मध्यभागी होतो, आणि तोही खालच्या पृष्ठभागावर, जो कुणी बघत नाही. (मध्ये कमी आणि टोकांना जास्त पीळ दिलेल्या विंगा मिळतात त्या याचसाठी.) सुरुवात ३ अंशांवर करा. कोन मोजताना कोनमापक विंगच्या फुगीर पाठीवर ठेवू नका. पुढच्या आणि मागच्या कडेला टेकेल अशी सरळपट्टी धरा आणि तिच्यावर मोजा.

स्टॉल बघायला लोकरीचे धागे, ६० मिमी लांब, खालच्या बाजूला मागच्या अर्ध्या भागात तीन ओळींत, दर १०० मिमीवर एक, टेपने चिकटवलेले. कॅमेरा डिकीवर, वर बघणारा. धागे मागे ताठ असतील तर ठीक. थरथरायला लागले तर काठावर आहात. गोल फिरले किंवा पुढे वळले की तिथली हवा सुटलेली आहे, आणि पुढचा प्रत्येक अंश नुसता रोध वाढवतो. एका वेळी २ अंशच वाढवा, टायरचा गरम दाब तोच ठेवा, आणि आठव्या वळणावरचा किमान वेग व सरळ रस्त्याच्या शेवटचा वेग दोन्ही लिहा.

तुमच्या गाडीला जेमतेम १४० अश्वशक्ती. १९० ला विंगचा रोध ८ किलोच्या आसपास धरला तर तिथेच सहा अश्वशक्ती खर्च होते. परवडते. स्टॉल झालेली विंग परवडत नाही.

गर्नी फ्लॅप (विंगच्या मागच्या कडेवर उभी लावलेली छोटी पट्टी) लावायचा मोह झाला तर कॉर्डच्या २ टक्क्यांच्या आत ठेवा, तुम्हाला ५ मिमी म्हणजे शेवट. अमेरिकन रेसर डॅन गर्नीने १९७१ मध्ये लावलेली ती पट्टीही अशीच किरकोळ दिसणारी होती.

डिकीवाला_एनबी

फार उपयोगी, आभार. दोन शंका. चॅसीचा प्रश्न राहिलाच. आणि वरून धरणारे ते हंसाच्या मानेसारखे खांब हवेत का? पोर्शच्या नव्या ९११ जीटी३ वर दिसतात तसे.

पत्रेकाम

हंसमानेचा फायदा खरा आहे. विंगचं मुख्य काम खालची बाजू करते, आणि खांब वरून धरला की खालची हवा अखंड राहते. पोर्शने २०२१ च्या ९११ जीटी३ वर (९९२ पिढी) आरएसआर रेस गाडीवरून तेच उचललं. पण तुमच्याकडे खांब आहेत ते वापरा. हंसमानेत खांब जास्त लांब, बाजूला जास्त डोलतो, आणि तुमच्या वेगाला मिळणारा फरक हा धागे लावून योग्य कोन शोधण्यापेक्षा कमी.

चॅसीवर कधी जायचं? विंग मोठी असेल, किंवा ती आणखी मागे न्यायची असेल तेव्हा. मग मागचा बंपर काढून खांबांचे कंस चॅसी रेलच्या टोकाला, जिथे बंपरची तुळई बसते तिथे, एम८ बोल्टने. पत्रा पूर्णपणे सुटला. किंमत अशी: बंपरला कापावं लागतं, खांब लांब म्हणजे बाजूचा डोल जास्त, मागून हलका धक्का बसला तरी विंगचा कोन बदलतो, आणि खांब झाकणाच्या वाटेत आले तर डिकी उघडायला विंग काढा. तुमच्या मापाला डिकी पुरते, एका अटीवर.

ती अट म्हणजे झाकणाचा आधार. पाय पत्र्याला नीट धरून आहे, पण झाकण गाडीला कशाने धरलंय? पुढे दोन बिजागऱ्या, मागे मधोमध एक कुलूप, आणि कोपऱ्यांत रबरी ठोकळे. ठोकळे दबून सैल झाले असतील तर झाकणाचे मागचे कोपरे हवेत असतात आणि विंग सगळी कुलपाभोवती डोलते. ठोकळ्यांवर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा. कागद सहज ओढून निघाला तर ठोकळा वर घ्या किंवा नवा घाला. दोन्ही कोपऱ्यांना एकेक बॉनेट-पिन (झाकण वरून अडकवणारी खिळी) लावली तर सोन्याहून पिवळं. झाकण उघडं धरणारे टॉर्शन रॉड ६ किलो जास्त उचलणार नाहीत, म्हणून आत एक दांडी ठेवा, नाहीतर ते डोक्यात बसेल.

बाजूचा डोल थांबवायला दोन्ही खांबांमध्ये एक तिरपी सळई, किंवा खांबाच्या वरच्या टोकापासून डिकीच्या कोपऱ्याकडे टर्नबकलची (फिरवून ताण देता येणारी) ताणसळई. हाताने बाजूला ढकलल्यावर विंगचं टोक ५ मिमीपेक्षा जास्त हललं तर सळई हवीच.

ओळंबा

आणि ट्रॅकवर नेण्याआधी जागेवर चाचणी. वाळूच्या १० किलोच्या आठ पिशव्या, विंगवर सारख्या अंतरावर, म्हणजे ८० किलो. खाली एक मऊ गादी टाका. पिशव्या ठेवण्याआधी आणि नंतर मागच्या कडेची जमिनीपासून उंची मध्ये आणि दोन्ही टोकांना मोजा. काढल्यावर आकडे पहिल्यासारखे व्हायला हवेत. एक मिमीही राहिला तर पत्रा नाहीतर पाय कायमचा वाकलाय, शोधा. डावा-उजवा फरक मोठा असेल तर एका बाजूचा ठोकळा टेकत नाहीये. नंतर सामानाच्या वजनकाट्याने विंग मागे १५ किलोने ओढा. माणसाला विंगवर बसवून फोटो काढायची पद्धत आहे, ती चाचणी नव्हे. सगळं वजन एका जागी येतं आणि वाकते ती विंग.

बोल्ट आवळल्यावर नट आणि पट्टीवर रंगाच्या पेनने एकच रेघ मारा. पहिल्या सेशननंतर रेघ तुटलेली दिसली की कळतं.

शिवाय प्रत्येक खांबाला ३ मिमी स्टीलच्या दोरीचा एक फेरा विंगपासून चॅसीपर्यंत. १९६९ च्या फॉर्म्युला वनच्या स्पॅनिश ग्रांप्रीत माँजुइकच्या उंचवट्यावर दोन्ही लोटस ४९ च्या, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंटच्या, उंच विंगा मोडल्या. त्याच महिन्यात मोनाकोला त्या विंगांवर बंदी आली. उंचवट्यावरून गाडी हलकी होऊन परत बसते तेव्हाचा झटका नेहमीच्या दाबापेक्षा वेगळा असतो. थंडरहिलला पाचव्या वळणाचा माथा आहेच.

पुणे_हॅच

मध्येच विचारतो. पोलोवर हेच चालेल का? कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचंय.

वारा_मोजणारा

नाही, जसंच्या तसं नाही. पोलोत चालणारी चाकं पुढे आहेत, आणि मागची विंग पुढचा आस हलका करते हे वर लिहिलंय. म्हणजे जोर देणारी आणि वळवणारी अशी दोन्ही चाकं हलकी होणार. शिवाय कारी आखूड आहे, वेग कमी, वेगाच्या वर्गाने मिळणारं बळही कमी. आधी टायर, ब्रेक पॅड आणि कॅम्बर (चाकांचा वरून आत-बाहेर झुकाव). हॅचच्या काचेवर किंवा प्लास्टिकच्या स्पॉइलरवर खांब तर अजिबात नको.

रस्त्यावरही तीच गाडी चालवत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल त्यात अडकतात.

डिकीवाला_एनबी

कागदाची पट्टी लगेच लावून पाहिली. उजवीकडचा ठोकळा टेकतच नाहीये, कागद अलगद निघतो. डावीकडे घट्ट.

पत्रेकाम

मग भोकं पाडायच्या आधी तेच. दोन्ही ठोकळे नवे घाला, एकच बदलू नका, जुना-नवा यांची उंची सारखी येत नाही. त्यानंतर झाकणाची फट डावी-उजवी सारखी करा, कुलपाचा हुक अर्धा मिमी खाली घ्या म्हणजे झाकण ठोकळ्यांवर दाबून बसेल, आणि मगच ओळंब्याची रेघ वर चढवा. झाकण नंतर सरकवलं तर विंग तिरकी होईल आणि भोकं पुन्हा पाडावी लागतील.